साखरेचा जमाखर्च

मधुमेह हा शब्द आता खेड्यापाड्यांत कुणाला नवा राहिलेला नाही. ‘त्यांना साखर निघाली’, ‘तिला शुगर आहे’, असे आपण सहज बोलून जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे आपल्या देशात दहा कोटींहून अधिक माणसे मधुमेही आहेत. शहरांत त्यांचे प्रमाण जास्त आहे हे खरे, पण खेडी काही सुटलेली नाहीत.

रोगाचे नाव असे घरोघर पोहोचले. त्याचा व्यवहार मात्र पोहोचला नाही. पारावर बसून ऐका. दोन वाक्ये हमखास कानी पडतात. एक, ‘गोड सोडलं की झालं.’ आणि दुसरे, ‘सुई लागली म्हणजे माणूस संपला.’ दोन्ही वाक्ये चुकीची आहेत, आणि त्यांच्यापायी कित्येकांनी डोळे गमावले, पाय गमावले, काहींनी तर प्राणही गमावले.

मी डॉक्टर नव्हे; महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस आहे. कुणी किती औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी सांगणारही नाही. पण मधुमेहाचा अर्धा व्यवहार हा जमाखर्चाचा आहे. भाकरी, सुई आणि वजन या तीन गोष्टी एकाच वहीत मांडायच्या असतात. एक रकाना बदलला की उरलेले दोन तपासावे लागतात. एवढी एकच गोष्ट मला आज तुमच्या मनावर ठसवायची आहे.

आधी ही साखर येते कुठून ते पाहू. साखर म्हणजे डब्यातली पांढरी साखर एवढेच आपण धरून चालतो. पण ज्वारी, भात, गहू, बटाटा, साबुदाणा यांतला पिष्टमय भाग पोटात गेल्यावर अखेर साखरच होतो. ती रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर अंगभर फिरते. तुमच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त आहे. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी तपासलेल्या शंभर मिलिलिटर रक्तात साखर असते शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर. गुणाकार करून पाहा. सगळ्या रक्तात मिळून फक्त पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! आणि साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी खाल्ली, की तिच्यातून चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे आठ चमचे, रक्ताच्या दारात येऊन उभी राहते. एका चमच्याच्या संसारात आठ चमच्यांचे पाहुणे येतात आणि तरीही घर विस्कटत नाही, ही किमया इन्शुलिनची.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. रक्त म्हणजे पाट. स्नायू, यकृत, चरबी हे वाफे. पाटाचे पाणी वाफ्यात सोडायला दारे धरणारा पाटकरी लागतो. तो पाटकरी म्हणजे इन्शुलिन. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे इंद्रिय आहे, तिथे ते तयार होते. जेवण झाले की पाटकरी कामाला लागतो, दारे उघडतो, साखर वाफ्यांत जाते, आणि पाट पुन्हा जागच्या पातळीवर येतो.

काहींच्या अंगात हा पाटकरीच नाहीसा होतो. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट करते. हा पहिला प्रकार. तो पुष्कळदा मुलांत आणि तरुणांत दिसतो. अशा रुग्णाला जन्मभर बाहेरून इन्शुलिन घ्यावे लागते. त्याला पर्याय नाही. दुसऱ्या प्रकारात पाटकरी असतो, पण वाफ्यांची दारे गंजतात, लवकर उघडत नाहीत. बिचारा जास्त जोर लावतो आणि वर्षानुवर्षे जोर लावून अखेर थकतो. आपल्याकडचे बहुतेक मधुमेही या दुसऱ्या प्रकारचे. त्यांचे काम आधी आहार, चालणे आणि गोळ्या यांवर भागते. पुढे पुष्कळांना इन्शुलिन लागते. कृश रुग्ण आणि स्थूल रुग्ण हा भेद आपल्या सुश्रुतसंहितेतही केलेला आहे. म्हणजे निरीक्षण जुने आहे; कारण मात्र विसाव्या शतकात कळले.

‘सुईपेक्षा पथ्य बरे’ असे म्हणणाऱ्यांनी त्या काळाचा इतिहास जरूर ऐकावा. एक काळ असा होता, की सुई नव्हतीच. होते ते केवळ पथ्य. न्यूयॉर्कचे डॉक्टर फ्रेडरिक ॲलन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत. त्यात क्रौर्य नव्हते. खाल्ले तर साखर चढून मूल जाणार, न खाल्ले तर थोडे अधिक दिवस जगणार, एवढाच हिशेब तेव्हा डॉक्टरांच्या हाती होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ त्यांच्याच उपचाराखाली होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये, पंधरावे वर्ष पुरे होत असताना, तिचे वजन अवघे वीस किलो उरले होते.

पण त्याआधीच्या वर्षी, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडातून हे द्रव्य वेगळे काढले होते, आणि जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले होते. १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. पहिली सुई फारशी लागू पडली नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेली दुसरी लागू पडली, आणि मरणाच्या दारातले पोर उठून बसले. त्याच ऑगस्टमध्ये एलिझाबेथलाही टोरांटोला नेले. तिचे वजन वाढले, ती शिकली, तिने संसार केला, आणि १९८१ साली वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ती वारली. सुई लागली म्हणून ती संपली नाही. सुई लागली म्हणून ती जगली.

मग काय, सुई मिळाली, आता पथ्य कशाला? इथेच दुसरी चूक होते. अमेरिका आणि कॅनडा या देशांत पहिल्या प्रकारच्या १४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९३ साली जाहीर झाले. ज्यांनी रोज अनेकदा रक्त तपासून, आहाराशी मेळ घालून, इन्शुलिन काटेकोरपणे घेतले, त्यांच्यात मधुमेहाने डोळ्यांचा नवा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. केवढा हा फायदा! पण त्याच वहीत खर्चाची बाजूही लिहिलेली आहे. याच रुग्णांची साखर धोक्याइतकी खाली उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, आणि त्यांचे वजनही इतरांपेक्षा जास्त वाढले. म्हणजे इन्शुलिन हे हिशेबी माणसाचे औषध आहे.

आता या वजनाचा उलगडा करू. कारण ‘सुईने अंग सुटतं’ म्हणून पुष्कळजण, विशेषतः तरुण मुली, गुपचूप सुई चुकवतात. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की पाट सांडव्यावरून वाहू लागतो. मूत्रपिंडे साखर अडवू शकत नाहीत आणि ती लघवीवाटे जाऊ लागते. समजा, दिवसाला पन्नास ग्रॅम साखर अशी वाहून गेली. एका ग्रॅमचे चार उष्मांक, म्हणजे दोनशे उष्मांक रोज मातीत. दोनशे उष्मांक म्हणजे आपली मघाची साठ ग्रॅम पिठाची भाकरी. रुग्ण चार भाकरी खातो, पण अंगी लागतात तीनच. म्हणून तो भरपूर खाऊनही वाळत जातो. आता इन्शुलिन सुरू झाले. गळती थांबली. खाणे मात्र चारच भाकरींचे राहिले. मग ती चौथी भाकरी जाणार कुठे? ती चरबीच्या कोठारात जमा होते. त्यात आणखी भर पडते ती भीतीची. साखर उतरेल या धास्तीने माणूस मधूनमधून बिस्किटे, केळी, पेढा तोंडात टाकत राहतो.

तेव्हा दोष सुईचा नाही. गळती थांबल्यावर आपण खर्चाचे अंदाजपत्रक बदलले नाही याचा आहे. उपाय म्हणजे सुई चुकवणे नव्हे. सुई चुकवून उतरणारे वजन म्हणजे अंगातून वाहून जाणारे मांस आणि चरबी. त्याबरोबर डोळे आणि मूत्रपिंडेही झिजतात. इन्शुलिन सुरू होताच डॉक्टरांना विचारून खाणे नव्याने मोजावे, रोज अर्धा तास झपझप चालावे, आणि आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन करावे. वारंवार साखर उतरून खावे लागत असेल, तर खाणे वाढवत बसू नये. डॉक्टरांना सांगून इन्शुलिनचे प्रमाण तपासून घ्यावे.

‘मी तर सडपातळ आहे, मला वजनाची काय चिंता?’ असे कुणी म्हणेल. त्याने पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण ऐकावे. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचेच आकडे छापले. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो दोघांचा अगदी सारखा होता : २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचाही याज्ञिकांनी अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंनी बरीच लहान, पण चरबीने त्या मानाने भरलेली. म्हणून आपल्या लोकांनी काट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर जाऊ लागली, की धोक्याची घंटा समजावी.

वजन उतरवण्याने किती फरक पडतो? ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होऊन सहा वर्षे न उलटलेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या स्थूल रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने अगदी मोजक्या आहारावर ठेवले. वर्षाअखेर त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. याचा अर्थ प्रत्येकाची सुटका होते असा नव्हे, आणि पहिल्या प्रकाराला तर हे लागूच नाही. घरच्या घरी कुणी असा उपास करू नये. पण वजन हा रकाना किती वजनदार आहे, हे त्यावरून दिसते.

आता ताटाकडे वळू. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात पिष्टमय भाग सुमारे सत्तर ग्रॅम, गव्हात जवळपास तेवढाच, तांदळात त्याहून थोडा जास्त, आणि साबुदाण्यात सत्त्याऐंशीच्या आसपास. भाकरीत कोंडा असतो, ती सावकाश पचते, म्हणून ती भातापेक्षा बरी. पण ‘भाकरी चालते’ म्हणजे ‘कितीही चालते’ असे नव्हे. गुळाचे तसेच. ‘साखर नको, गूळ द्या’ म्हणणारे पाहुणे घरोघर भेटतात. पण गूळ हीही साखरच, फक्त रंग वेगळा. आणि चहा! दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दहा चमचे, पन्नास ग्रॅम. पुन्हा त्याच दोनशे उष्मांकांवर आपण आलो. घरोघरच्या आग्रहाचा चहा बिनसाखरेचा घेण्याची हिंमत केली, तर रोजची एक भाकरी वाचते.

सोपा नियम सांगतो. अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी, काकडी, मुळा, टोमॅटो यांनी भरावे. पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासळी. उरलेल्या पाव ताटात भाकरी, पोळी किंवा भात, यांपैकी एक. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. सकाळ-संध्याकाळ घेण्याचे मिश्र इन्शुलिन आपल्याकडे पुष्कळांना दिलेले असते. ते टोचल्यावर आपले काम करीतच राहते. तुम्ही जेवलात की नाही, हे ते विचारत नाही. सुई घेतली आणि मोट्यारसाठी, मळणीसाठी किंवा पाहुण्यासाठी जेवण दोन तास लांबले, तर साखर उतरणारच.

सुईबाबत दोन-तीन खबरदाऱ्या सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे इन्शुलिनच्या बहुतेक बाटल्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या असतात. काही १०० युनिटच्याही मिळतात. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज घेऊन २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात जाते आठच युनिट. उलट केले तर जातात पन्नास! म्हणून दुकानातून घेताना बाटली आणि सिरिंज यांवरचा आकडा एकच आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. सुई एकाच जागी टोचू नये. पोट, मांड्या यांवर जागा बदलत राहावे, नाहीतर तिथे गाठी होतात आणि औषध नीट लागू पडत नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्शुलिन फेकून द्यावे. घरी फ्रिज नसेल, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके ठेवावे आणि डबीत बंद केलेली बाटली त्यात सावलीला ठेवावी. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे वापरावी. मोटारसायकलच्या डिकीत, उन्हात, चुलीजवळ ती कधीही ठेवू नये.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, भूक भडकते, माणूस चिडतो किंवा बरळू लागतो. लोक म्हणतात, दारू प्यालाय. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे. पेढा, चॉकलेट नको. त्यांतल्या स्निग्ध भागामुळे साखर उशिरा रक्तात जाते. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही, तर पुन्हा तेवढेच द्यावे. जेवायला वेळ असेल तर थोडे खाऊ घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. इन्शुलिन घेणाऱ्या शेतकऱ्याने रानात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवलीच पाहिजे, आणि ती कशासाठी आहे हे सोबत्याला सांगून ठेवले पाहिजे.

उपवासाचा प्रश्न आपल्याकडे नाजूक. एकादशी आली, सुई तीच, आणि पोट रिकामे. म्हणजे साखर उतरण्याचा धोका. दुपारी साबुदाण्याची खिचडी झाली, म्हणजे साखर चढण्याचा धोका. उपवास करायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा मेळ घालून घ्यावा. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये. पहिल्या प्रकारच्या रुग्णाने उपास असो, ताप असो, उलट्या असोत, इन्शुलिन पूर्ण बंद करायचे नाही. काही खाल्ले नाही तरी यकृत आपल्या कोठारातली साखर रक्तात सोडतच असते. पाटकरी नसेल तर ती वाफ्यांत जात नाही; शरीर चरबी जाळू लागते, रक्तात आम्ल साचते, आणि एकदोन दिवसांत माणूस दगावू शकतो. कुणाच्या झाडपाल्यावर विसंबून मुलाची सुई बंद करणे म्हणजे त्याला १९२१ च्या आधीच्या काळात परत लोटणे होय.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे शेवटचे चार शब्द खास तुमच्यासाठी. वर्गातले एखादे मूल सारखे पाणी पिऊ लागले, सारखे लघवीला जाऊ लागले, खाऊनही वाळू लागले, तर त्याला रागावू नका. पालकांना बोलावून त्याच दिवशी त्याची साखर तपासायला सांगा. पोटदुखी, उलट्या, जोराचा श्वास सुरू झाला असेल तर तासाचाही उशीर नको. ज्याला मधुमेह आहे हे ठाऊक आहे, अशा मुलाला डबा खाण्याची, पाणी पिण्याची, बाहेर जाण्याची मोकळीक द्या. टेबलाच्या खणात साखरेची पुडी ठेवा. त्याला घाम फुटला, ते गप्प झाले, तर जागेवरच साखर द्या. एकट्याला घरी धाडू नका. खो-खो, कबड्डी त्याला खुशाल खेळू द्या, फक्त खेळाआधी काही खाल्ले आहे ना, एवढे विचारा. आणि हा रोग शिवाशिवीने होत नाही, गोड खाण्याच्या पापानेही या मुलाला झालेला नाही, हे वर्गाला एकदा नीट समजावून सांगा.

बाकी प्रत्येक मधुमेही घरात एक साधी वही असावी. तारीख, साखर, इन्शुलिन, जेवण, आठवड्याचे वजन, एवढेच रकाने. डॉक्टरांकडे जाताना ती न्यावी. आठवणीने सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा वहीतले एक पान त्यांना अधिक सांगते, आणि औषध कमी करायचे की जास्त, हे ठरवायला त्यांना आधार मिळतो. सावकाराच्या वहीने आपल्याकडची पुष्कळ घरे बुडवली. ही वही आपल्या हातची आहे; ती रोज लिहिली तर घर तारील.